दहावीचा निरोप समारंभ : आठवणींचा अंक, फिशपॉन्ड आणि नववीच्या नावे इच्छापत्र

तालुक्याच्या गावातल्या शाळेत दहावीचा निरोप समारंभ कसा होतो, हे सगळ्यांना पाठ आहे. सरस्वतीपूजन, स्वागतगीत, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, घोकून आणलेली चार-पाच मनोगतं, अध्यक्षांचं लांबलेलं भाषण, मग समोसा-वेफर्स आणि मैदानात ग्रुप फोटो. पोरं डोळे पुसत घरी जातात. पाचवी ते दहावी अशी सहा वर्षं एका इमारतीत काढलेल्या त्या वर्गात काय काय घडलं, कोण कसं होतं, याची कागदावर एक ओळही उरत नाही. मला ही गोष्ट फार लागते. म्हणून वर्गशिक्षकांसाठी आणि समारंभाचं यजमानपण करणाऱ्या नववीच्या मुलांसाठी हे सगळं नीट लिहून काढते आहे.

करायच्या गोष्टी तीन: आठवणींचा हस्तलिखित अंक, फिशपॉन्ड (एकेकावर चिठ्ठीत लिहून सगळ्यांसमोर वाचायच्या गमतीच्या ओळी) आणि दहावीने नववीच्या नावे केलेलं इच्छापत्र. तिन्हींना कसोटी एकच. ज्याच्याविषयी लिहिलंय, त्याला तो कागद घरी नेऊन आईला वाचून दाखवावासा वाटला पाहिजे. जो विनोद घरी नेता येत नाही, तो कितीही टाळ्या घेणारा असला तरी बाद.

आधी तारीख आणि एसटी

बोर्डाची परीक्षा अलीकडे लवकर येते. २०२५ साली दहावीचा पहिला पेपर २१ फेब्रुवारीला होता. आधी बरीच वर्षं तो मार्चमध्ये असायचा. लेखीच्या आधी तोंडी आणि प्रात्यक्षिकं असतात, त्यामुळे फेब्रुवारी हाताशी राहतच नाही. पूर्वपरीक्षा संपल्यावर आणि प्रात्यक्षिकं लागायच्या आत, म्हणजे २६ जानेवारीनंतरचे दोन-चार दिवस सगळ्यात सोयीचे. प्रजासत्ताक दिनासाठी स्टेज आणि स्पीकर आलेलेच असतात. मंडपवाल्याला एक दिवस जास्त ठेवायला सांगितलं की दुसरा खर्च वाचतो.

वेळ ठरवताना मात्र आधी एसटी स्टँडवर जाऊन गाड्यांच्या वेळा बघून या. वाड्या-वस्त्यांवरून येणाऱ्या मुलांची, विशेषतः पासवर येणाऱ्या मुलींची, शाळा सुटायच्या वेळची गाडी चुकली तर पुढची थेट मुक्कामी गाडी असते. कार्यक्रम लांबला की सगळ्यात आधी उठून जातात ती हीच मुलं, आणि नेमके त्यांचे फिशपॉन्ड शेवटी वाचायचे राहतात. सकाळी साडेअकराला सुरुवात करा आणि शेवटच्या सोयीच्या गाडीच्या तासभर आधी आवरा.

तयारी दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू केली तरी चालते, अपवाद एक. बीड, अहिल्यानगर, जालना या पट्ट्यातल्या शाळांत ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं असतात. काही आजीकडे किंवा वसतिगृहात राहतात, काहींना आईबापांसोबत कारखान्यावर जावं लागतं. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास हलतात. अशा मुलांकडून आठवणी सप्टेंबरातच लिहून घ्या. नाहीतर अंकात वर्ग अर्धाच उतरतो.

आठवणी गोळा करताना प्रश्न नेमके विचारा

‘शाळेची आठवण लिहून आणा’ असं सांगितलं की पंचेचाळीस मुलांकडून एकच निबंध येतो: ही शाळा आमची माता आहे, शिक्षकांनी आम्हांला घडवलं, हे दिवस पुन्हा येणार नाहीत. यात खोटं काही नाही, पण ही शाळा कुठली आणि हा मुलगा कोणता, हे त्यातून कळत नाही. दोष मुलांचा नाही, प्रश्नाचा आहे.

वहीच्या अर्ध्या पानावर मावतील असे प्रश्न द्या आणि त्यातल्या कुठल्याही तिनांची उत्तरं मागा. पहिल्या दिवशी तुझ्या शेजारी कोण बसलं होतं आणि तुम्ही काय बोललात? कोणाच्या डब्यातली कुठली भाजी तू पळवलीस? शाळेच्या आवारात तुझी जागा कुठली, आणि तिथे बसून काय करायचास? कुठल्या दिवशी पावसाने शाळा लवकर सोडली आणि तू घरी कसा पोचलास? कुठल्या सरांचा किंवा बाईंचा कुठला शब्द तुम्ही वर्गात आपसात वापरता? कोणाशी भांडण झालं आणि ते कसं मिटलं? कुठली शिक्षा आता आठवली की हसू येतं?

हे प्रश्न मी वर्गात तास संपायच्या आधी, गप्पा मारत विचारते. घरी लिहायला देत नाही. एकाने खिचडीचं नाव काढलं की दहा जणांना काहीतरी आठवतं. पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो, त्यामुळे नववीत गेल्यावर दुपारी नुसता वास घेत वर्गात बसावं लागतं. ही गोष्ट दरवर्षी कोणीतरी सांगतंच, आणि प्रत्येक वेळी निराळी सांगतं. एकीने लिहिलं होतं की धाकट्या भावाच्या ताटात हळूच एक घास खायला ती नववीतही व्हरांड्यात जायची आणि वाढणाऱ्या मावशी बघून न बघितल्यासारखं करायच्या. ही आठवण वाचल्यावर त्या मावशींना समारंभाचं आमंत्रण वेगळं द्यावं लागलं नाही, मुलंच बोलावून घेऊन आली.

२०२५-२६ ला दहावीत असलेल्या मुलांची पाचवी २०२०-२१ ची, कोविडातली. त्यांना ‘शाळेचा पहिला दिवस’ विचारून उपयोग नाही. त्यांच्यासाठी तो मोबाइलच्या पडद्यावर झाला, किंवा झालाच नाही. त्यांना विचारा: घरात फोन कोणाचा होता? रेंजसाठी कुठे जाऊन बसायचास? प्रत्यक्ष वर्गात आल्यावर पडद्यावरचे सर केवढे उंच निघाले? आणि शाळेला जमत असेल तर अंकात दोन पानं २०२१ च्या तुकडीला द्या. त्यांची बोर्डाची परीक्षाच रद्द झाली, निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागला, आणि निरोप समारंभ बहुतेक ठिकाणी राहूनच गेला. ती मुलं आता पदवीला आहेत किंवा कामाला लागली आहेत. फोन केला तर आनंदाने लिहितात.

अंक हातानेच लिहा

टाइप करून प्रिंट काढणं सोपं आहे, तरी मी हस्तलिखिताचाच आग्रह धरते, कारण दहावीच्या मुलांचं अक्षर हीसुद्धा आठवणच आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक काढत असत. हस्तलिखितं कितीतरी शाळांनी काढली, आणि आपल्या ग्रंथालयाच्या कपाटात खालच्या खणातही जुने हस्तलिखित अंक सापडतील. मुलांना आधी ते काढून दाखवा.

साहित्य साधंच आहे. ए-फोर आकाराचा जरा जाड कागद, एकाच बाजूने लेखन, काळं जेल पेन. स्केचपेन पलीकडे उमटतं, म्हणून ते फक्त शीर्षकाला. डाव्या बाजूला दीड इंच समास मोकळा सोडा. बाइंडिंगमध्ये तेवढा जातोच. तो सोडला नाही तर ओळींचा पहिला शब्द शिवणीत अडकतो. एका मुलाला अर्धं पान धरलं तर पंचेचाळीस मुलांची तेवीस पानं होतात. त्यात शिक्षकांचे, शिपाईमामांचे आणि मावशींचे परिच्छेद, वर्गाचा नकाशा आणि इच्छापत्र मिळवलं की अंक चाळीस पानांत बसतो.

वर्गाचा नकाशा मात्र चुकवू नका. कोण कुठल्या बाकावर बसायचं ते नावांसकट काढायचं: फळा, दार, खिडक्या, बंद पडलेला पंखा, मुलींच्या ओळीमागचं कपाट, सगळं. वीस वर्षांनी लोक आधी हेच पान उघडतात.

मूळ प्रत गावातल्या बाइंडिंगवाल्याकडून कापडी कण्याची बांधून घ्या. बांधायच्या आधी प्रत्येक पान मोबाइलने उजेडात, सरळ धरून स्कॅन करा आणि मग झेरॉक्स काढा. एकदा बांधलं की पान सपाट होत नाही आणि कडेचं अक्षर काळं येतं. मुलांना झेरॉक्सची पिन मारलेली प्रत पुरते.

फिशपॉन्ड: पेटीची पद्धत सोडा

बहुतेक शाळांत व्हरांड्यात एक खोका ठेवतात आणि ज्याला वाटेल त्याने चिठ्ठी टाकायची. याने दोन गोष्टी होतात. वर्गातल्या चार-पाच गाजलेल्या मुलांवर वीस-वीस चिठ्ठ्या पडतात आणि शेवटून दुसऱ्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुलीवर एकही पडत नाही. शिवाय निनावी चिठ्ठीत माणूस जे तोंडावर बोलणार नाही ते लिहितो. ज्याच्यावर एकही फिशपॉन्ड पडला नाही, त्याला आपण या वर्गात होतो की नव्हतो असा प्रश्न पडतो, आणि तो कोणाला दिसतही नाही.

त्याऐवजी असं करा. वर्गातल्या सगळ्यांच्या नावाच्या प्रत्येकी तीन चिठ्ठ्या करा. पंचेचाळीस मुलं असतील तर एकशे पस्तीस. प्रत्येकाने तीन उचलायच्या. स्वतःचं नाव आलं किंवा एकच नाव दोनदा आलं तर बदलून घ्यायचं. ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याचं नाव आलं तर बदलायची मुभा द्या, पण बरीच मुलं बदलत नाहीत, आणि त्यांनी लिहिलेली ओळ बहुधा सगळ्यात चांगली निघते. आता प्रत्येक मुलाविषयी तीन ओळी आल्या. लिहिणाऱ्याचं नाव मागच्या बाजूला असतं. ते फक्त निवड करणाऱ्यांना दिसतं.

तिन्हींतली स्टेजवर वाचायची एक ओळ चौघांनी निवडायची: वर्गशिक्षक, दुसरे एक शिक्षक (दोघांत एक बाई हव्यातच), एक मुलगा, एक मुलगी. शेवटचा शब्द शिक्षकांचा. बाद करायच्या गोष्टी आधीच फळ्यावर लिहा. रंग, उंची, वजन, दात, चष्मा, बोलताना अडखळणं. जात, आडनाव, धर्म. घरची परिस्थिती, वडिलांचं काम, आईची भाषा. नापास होणं. शिक्षकांच्या बाबतीत पगार आणि बदली. विनाअनुदानित तुकडीवर वर्षानुवर्षं अर्ध्या पगारात किंवा पगाराशिवाय शिकवणाऱ्यांवर त्यावरून विनोद करायचा नाही.

आणि मुलामुलींच्या जोड्या. हा विषय मी वेगळा काढते, कारण लहान गावात याची किंमत मुलगी मोजते. स्टेजवरून दोन नावं जोडून वाचली, सभागृह हसलं, कोणीतरी व्हिडिओ काढला, संध्याकाळपर्यंत तो तिच्या काकाच्या मोबाइलवर. मग अकरावीला पुढे पाठवायचं की नाही यावर घरात चर्चा सुरू होते. अशी चिठ्ठी कितीही गमतीची असली तरी जागच्या जागी फाडायची, आणि लिहिणाऱ्याला बोलावून कारण सांगायचं.

उरलेल्या चिठ्ठ्या कच्च्या असतात आणि खरं काम त्यांच्यावर असतं. मुलं विशेषण लिहितात. विनोद प्रसंगात असतो. ‘आळशी’ अशी चिठ्ठी आली तर लिहिणाऱ्याला विचारा, तो आळशी आहे हे तुला कधी दिसलं? तो सांगतो, पीटीच्या तासाला. काय करतो? धावायच्या आधी बुटाची नाडी बांधत बसतो. झाला फिशपॉन्ड: ‘शिट्टी वाजली की ज्याच्या बुटाची नाडी आपोआप सुटते, असा आमचा धावपटू.’ ‘बडबडी’ या एका शब्दाचं असंच झालं: ‘तास कुठलाही असो, तिसऱ्या बाकावरच्या बातम्या सविस्तर आणि अखंड.’

यमक जुळवायची मुलांना हौस असते. जुळवू द्या, फक्त सिनेमातल्या गाण्याची ओळ उचलून नाव बदलणं नको. ती ऐकताना लोकांना गाणं आठवतं, मुलगा नाही. रोज उशिरा येणाऱ्या वाडीवरच्या मुलासाठी:

प्रार्थना झाली, हजेरी झाली, फळ्यावर तारीख पडली,
आमच्या गड्याची एसटी मात्र फाट्यावरच अडली!

सगळ्या वर्गाला सामान पुरवणाऱ्या मुलीसाठी:

पट्टी, पेन, खोडरबर, मागाल ते मिळणार,
अकरावीला आम्ही आता कुणाच्या जिवावर शिकणार?

आणि गणिताच्या सरांसाठी, त्यांना आधी दाखवून, त्यांच्या परवानगीने:

‘हे येणारच’ म्हणत म्हणत अख्खं पुस्तक संपवलं,
सर, आता एवढं सांगा, कुठलं पान वगळलं?

गप्प मुलांच्या चिठ्ठ्यांना सगळ्यात जास्त वेळ द्या. ‘शांत आहे’, ‘चांगली आहे’ एवढंच येतं. अशा वेळी तिच्या शेजारणीला विचारा, बाकावरच्या बाकीच्यांना विचारा. कोणीतरी सांगतं की ती प्रत्येक पेपरच्या आधी पेनाच्या टोपणावर फुंकर मारते, किंवा फळा पुसायची पाळी कोणाचीही असो, पुसते तीच. एवढं पुरतं. पाहिलं गेल्याचा आनंद त्या मुलीच्या चेहऱ्यावर लगेच दिसतो.

वाचायचं कसं

वाचायला दोघं असावीत, आणि दोघांनीही सगळ्या चिठ्ठ्या आदल्या दिवशी मोठ्याने वाचून बघितलेल्या असाव्यात. नाव शेवटी घ्यायचं. आधी ओळ, मग क्षणभर थांबायचं. वर्ग आपोआप त्या मुलाकडे वळून बघतो, तेव्हा नाव. ज्याचं नाव आलं त्याने स्टेजवर येऊन चिठ्ठी घ्यायची आणि वाटलं तर एका वाक्यात उत्तर द्यायचं. ही उत्तरं बरेचदा फिशपॉन्डपेक्षा भारी असतात. एका चिठ्ठीला चाळीस सेकंद धरले तर पंचेचाळीस मुलांचा अर्धा तास होतो, तेवढा वेळ कार्यपत्रिकेत मोकळा ठेवा आणि भाषणं कापा. चिठ्ठ्यांचा क्रम लावताना वाडीवरची मुलं आधी घ्या.

मोबाइल दप्तरात. फोटो एकाच शिक्षकाने काढायचे, फिशपॉन्डचा व्हिडिओ नाही. आधीच जाहीर केलं की कोणी कुरकुरत नाही.

फिशपॉन्ड कार्यक्रमाच्या सुरुवातीला घ्या, मनोगतांच्या आधी. सगळीकडे ते शेवटी ठेवतात. तोवर अर्धा वर्ग रडत असतो आणि उरलेला अर्धा खाण्याच्या वासाने अस्वस्थ असतो. अर्धा तास एकत्र हसलेली मुलं नंतर माइकसमोर आली की घोकलेलं भाषण विसरून मनातलं बोलतात. हा एकच बदल केलात तरी समारंभ वेगळा होतो.

इच्छापत्र

अमेरिकेतल्या काही हायस्कुलांत शेवटच्या वर्षाची मुलं खालच्या वर्गांच्या नावे गमतीचं मृत्युपत्र लिहून जातात: कोणाला लॉकर, कोणाला कँटीनमधली जागा. ही प्रथा आपल्याकडे आणायला मोठी सोय आहे, कारण आपल्याजवळ दस्ताची भाषा आहे. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाने सातबारा, फेरफार, खरेदीखत हे शब्द लहानपणापासून ऐकलेले असतात. त्यांना फक्त एखाद्या जुन्या दस्ताची धाटणी दाखवा, पुढचं ती लिहितात. नमुना असा:

लिहून घेणार : इयत्ता नववी, सर्व तुकड्या.
लिहून देणार : इयत्ता दहावी, वय वर्षे सुमारे पंधरा-सोळा, धंदा शिक्षण, राहणार शाळा, अकरा ते पाच.

कारणे इच्छापत्र लिहून देतो ऐसाजे, आमच्या वहिवाटीतला खिडकीकडचा शेवटचा बाक आम्ही तुमचे नावे करीत आहोत. सदर बाकाच्या चतुःसीमा येणेप्रमाणे : पूर्वेस खिडकी व तीतून दिसणारी पेरूची झाडे, पश्चिमेस मधली वाट, दक्षिणेस मागची भिंत, उत्तरेस फळा. सदर बाक डुगडुगता असून त्याच्या पायाखालचा घडी केलेला कागद मिळकतीचाच भाग समजावा. बाकावर कर्कटकाने कोरलेल्या सात नावांचा बोजा आहे, तो तुम्ही तसाच चालवावा. पेरूंवर आमचा हक्क यापुढे राहणार नाही. मात्र मामांची नजर चुकवण्याची जबाबदारी सर्वस्वी लिहून घेणाराची राहील. हे इच्छापत्र आम्ही राजीखुशीने, अक्कलहुशारीने व कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून दिले असे.

देण्याच्या वस्तू खऱ्या आणि लहान असू द्या: सगळ्यात गार पाण्याची तोटी, प्रयोगशाळेतला एकमेव न गळणारा ब्युरेट, कबड्डीच्या मैदानाची ओळ मारायची फक्की आणि डबा, ग्रंथालयात बाईंना न विचारता दोन पुस्तकं मिळवायची युक्ती. भिंतीवरचं घड्याळ, पंखा किंवा पुस्तकांचा संच अशी वर्गणीतून शाळेला द्यायची भेटही यातच शेवटचं कलम म्हणून लिहा. मग ती द्यायला वेगळं भाषण लागत नाही. साक्षीदार म्हणून शिपाईमामा आणि मावशी यांच्या सह्या घ्या. स्टेजवर सगळ्यांसमोर घ्यायच्या, टेबल-खुर्ची मांडून, त्यांना बसवून. नववीच्या प्रतिनिधीने ‘लिहून घेणार’ म्हणून सही करायची आणि मग हा स्टॅम्पपेपर नसून ड्रॉइंगचा कागद आहे याची नोंद वाचून दाखवायची.

समारंभानंतर

मूळ अंक ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत चढवा, नाहीतर बदली झालेल्या सरांच्या कपाटात तो हरवतो. पीडीएफ वर्गाच्या ग्रुपवर टाकण्याआधी प्रत्येकाने आपलं पान बघून होकार दिलेला असावा. कोणी नको म्हटलं तर ते पान ग्रुपवरच्या प्रतीतून काढायचं, कारण विचारायचं नाही.

गैरहजर मुलांच्या चिठ्ठ्याही स्टेजवरून वाचा आणि त्या पाकिटात घालून हॉलतिकिटासोबत ठेवा. कारखान्यावरून परीक्षेसाठी येणारी मुलं हॉलतिकीट न्यायला येतातच. तेव्हा पाकीट, अंकाची प्रत आणि त्या दिवशीच्या खाऊचा पुडा त्यांच्या हातात द्या. जी येत नाहीत, त्यांच्या घरी फोन लावून चिठ्ठी वाचून दाखवा, आणि त्याच फोनवर परीक्षेला कधी येतोस ते विचारा.